बिनगळाची काठी

रतिलालने काठी पुष्पाअक्कांच्या हातात दिली खरी, पण स्वतःची पकड काही सोडली नाही.

“भाऊ, सोडा ना आते काठी,” अक्का म्हणाल्या.

त्याने काठी सोडली. मेहरूण तलावाच्या काठावर कोवळं ऊन पडलं होतं. मासे धरायची ती काठी अक्कांच्या नवऱ्याची, कैलासवासी पंडितनानांची. बांबूच्या बारीक पट्ट्या सरसाने एकमेकींना चिकटवून केलेली. असली काठी हल्ली बघायलाही मिळत नाही. माळ्यावर धूळ खात पडलेली ही वस्तू रतिलालने खपून खपून जिवंत केली होती. जुनं वार्निश ब्लेडने खरवडलं, लाल रेशमी दोऱ्याचे वेढे श्वास रोखून घातले आणि घरभरच्या पसाऱ्यासाठी बायकोची बोलणी खाल्ली. काठीचं पितळी रीळ त्याचा मित्र हिलालने खोलून, घासून, तेल देऊन पुन्हा बसवलं होतं. दोघांना जुन्या काठ्यांचं वेडच होतं. आणि त्यांचा एक नियम होता. दुरुस्त झालेली काठी आधी पाण्यावर न्यायची, पहिला मासा मालकाने धरायचा, मग पुढच्या गोष्टी.

हा नियम रतिलालनेच केला होता आणि आता तोच त्याच्या मुळावर आला होता. ही काठी त्याला भिंतीवर हवी होती, काचेच्या आड. अक्कांना मात्र मासा हवा होता.

“नानांनी माले कधी हात लाऊ दिन्हा नही. तुले जमाव नही म्हने,” असं म्हणत त्यांनी पदर खोचला, रिळावरचा तंगूसाचा दोरा हाताने ओढून सैल केला आणि काठी झटकली. कणकेची गोळी भिरभिरत जाऊन पाण्यात पडली. रीळ फिरलं. कर्रर्र!

“वाजलं! रत्या, वाजलं रे!” हिलाल जागच्या जागी उड्या मारायला लागला. किती वर्षं मुकं पडलेलं रीळ बोललं होतं. रतिलालही हसला, पण हसू ओठांपुरतंच होतं.

दोऱ्याला बांधलेलं, पाण्यावर तरंगणारं बूच हललं. अक्कांनी काठी उचलली, काही नाही. नवी गोळी लावायला रतिलाल धावला, अगदी तत्परतेने. बूच पुन्हा बुडालं, पुन्हा काही नाही. तो परत गोळी घेऊन पुढे झाला, तेव्हा अक्कांनी त्याला हाताने थांबवलं आणि तंगूसाचं टोक स्वतःच डोळ्यांजवळ धरलं.

“रतिलालभाऊ, गळ कोठे शे?”

टोकाला नुसती गाठ होती.

“पडला असेल,” रतिलाल म्हणाला.

“गाठ तर जशीच्या तशी आहे,” हिलाल वाकून बघत म्हणाला. मग त्याने डोळे वटारले. “रत्या, तू गळ बांधलाच नाहीस?”

रतिलालचा चेहरा चोरी पकडल्यासारखा झाला. “अक्का, मोठा मासा लागला तर शेंडा मोडेल हो! नानांची आठवण आहे ही.”

“मनाजवळ नानांच्या सगळ्या आठवणी शेतस, भाऊ,” अक्का म्हणाल्या. “मासा तेवढा नही.”

आणि त्यांनी काठी त्याच्यापुढे केली.

गळ त्याच्या सदऱ्याच्या खिशातच होता. त्याने तो काढून बांधला.

या खेपेला बूच हललं नाही, एकदम गडपच झालं. अक्कांनी हिसका दिला आणि रीळ किंचाळायला लागलं. रतिलालने डोळे घट्ट मिटले. मग त्याच्याने राहवेना, त्याने ते उघडले. काठी शेंड्यापासून मुठीपर्यंत वाकली होती, सरळ होत होती, पुन्हा वाकत होती. तिच्या अंगात असा जीव आहे, हे तिच्यावर इतके दिवस हात फिरवूनही त्याला कळलं नव्हतं! भिंतीवर ती अशी कुठे दिसली असती?

“ओढू नका! पळू द्या त्याला!” तो ओरडला. “आता गुंडाळा! अक्का, गुंडाळा!”

“गुंडाळी राहिनू ना!” अक्काही ओरडल्या. त्यांचा पदर सुटला होता, चष्मा नाकावरून घसरला होता आणि चेहरा आनंदाने फुलून गेला होता.

काठाजवळ मासा दिसला. चांगला जाडजूड रोहू. अक्कांना धीर धरवला नाही, त्यांनी सरळ काठी वर उचलली.

कडाक्!

शेंडा तुटून लोंबकळला. त्याच क्षणी रतिलाल कडक इस्त्रीच्या पँटीसकट गुडघाभर पाण्यात होता. तंगूस हाताने ओढत, घसरत, ओरडत त्याने मासा छातीशी कवटाळला आणि काठावर येऊन पडला. “धरला! अक्का, धरला!” वार्निश वाळून काठी पहिल्यांदा चमकली होती, त्या दिवशीही त्याला इतका आनंद झाला नव्हता.

मग अक्कांचं लक्ष हातातल्या काठीकडे गेलं. “भाऊ, तुमनी मेहनत...”

हिलालने मित्राकडे पाहिलं.

रतिलालने मासा त्याच्या हातात कोंबला. तुटलेला शेंडा उन्हाकडे धरून तो निरखत राहिला. “हे बघ, मी दोरा इथंच थांबवला. आणखी थोडा पुढे न्यायला पाहिजे होता.” तिथेच चिखलात बैठक मारून तो नखाने लाल दोऱ्याचे वेढे उलगडायला लागला. जरा वेळाने मान वर न करताच म्हणाला,

“अक्का, पुढच्या रविवारी याच्याहून मोठा लागला पाहिजे.”