तीस टक्के कमी

ओरत्तनाडु रस्त्यावरच्या बुटांच्या कारखान्याने शिलाईच्या बायकांना आणणारी बस बंद केली, त्याला वर्ष झालं. आज फाटकावर हिरवा फलक लागला होता: ‘आमचं कार्बन उत्सर्जन तीस टक्के कमी!’ त्याखाली सगळ्यांचा फोटो निघायचा होता.

“सरोजाक्का, तुम्ही मधे उभ्या राहा,” मॅनेजर मुरलीकृष्ण शिलाईतल्या सरोजाला म्हणाला. तो तंजावरात तिच्याच मराठी गल्लीत वाढलेला, म्हणून दोघं मराठीत बोलत.

“हे तीस टक्के कमी झाले कसे रे?”

“बस बंद केली ना, अक्का. तेवढं डिझेल जळायचं थांबलं.”

“आणि आम्ही चाळीसजणी आपापल्या मोपेडवर येतो, त्याचा धूर?”

“तो तुमचा. कंपनीच्या अहवालात तो धरत नाहीत.” मग त्याने आवारात नजर टाकली. “तेवढ्या त्या मोपेड भिंतीमागे न्यायला सांगा. फोटोत बऱ्या दिसत नाहीत.”

सरोजाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वर्षभर ती लॉऱ्यांच्या गर्दीतून जीव मुठीत धरून येत होती. तिने आपली जुनी मोपेड ढकलत आणली, फलकाच्या बरोबर खाली लावली आणि चालू केली. तिच्यामागोमाग एकेक करत बाकीच्या बायकांनीही आणल्या. फलकापुढे निळा धूर साचला.

“अय्यो, अक्का! हे काय करता?”

“काढ फोटो, मुरली. तुझे कमी झालेले तीस टक्के हे इथे उभे आहेत.”