आवाज थांबल्यावर

मिस्त्री गाडीखाली आडवा होता, तेव्हा लेक गॅरेजमध्ये आली. त्याला आधी तिच्या चपला दिसल्या. त्या दारातच थांबल्या. पुढे येईनात, मागेही जाईनात.

"बाबा, बाहेर या जरा."

तो सरपटत बाहेर आला. तिचं तोंड बघून त्याच्या हातातला पाना हातातच राहिला.

"मळमळ थांबली," ती म्हणाली.

"अगं, मग बरं झालं की! इतके दिवस पाण्याचा घोट ठरत नव्हता तुझ्या पोटात."

"बरं कसं? एकदम थांबली. कालपासून काहीच नाही. अंगही जड वाटत नाही. दोन्ही वेळा पोटभर जेवले मी, बाबा." चोरी कबूल करावी तसं तिने हे सांगितलं. "मागच्या वेळीही असंच सगळं गप्प झालं होतं."

पुढचं ती बोलली नाही. मागचं मूल पोटातच गेलं होतं. तेव्हा तिला सावरायला तिची आई होती. आता आईला जाऊन वर्ष व्हायला आलं होतं.

"नवऱ्याला सांगितलंस?"

"तो माझ्याहून घाबरट. त्याला सांगितलं तर त्यालाच धरून बसावं लागेल."

"आणि दवाखान्यात?"

"केला फोन. नर्सबाई म्हणाल्या, चौथा महिना लागला की मळमळ जातेच, भूक लागते, चांगलं लक्षण आहे. उद्या या, ठोके ऐकवते म्हणाल्या."

"मग झालं तर!"

"गिऱ्हाइकांना तुम्हीच सांगता ना? खडखडतेय तोवर काळजी नाही, आवाज एकदम थांबला की घाबरा. लहानपणापासून ऐकत आलेय मी."

आपलेच दात, आपलेच ओठ.

"ते इंजिनाचं गं," तो म्हणाला. "इंजिनाचं निराळं असतं."

लांब पेचकसाचं एक टोक इंजिनाला आणि दुसरं आपल्या कानाला लावून तो आतलं दुखणं सांगायचा. त्यासाठी लोक लांबून गाड्या घेऊन यायचे. आता लेक समोर उभी होती आणि आपले हात कुठे ठेवावेत ते त्याला कळत नव्हतं. तो ते फडक्याला पुसत राहिला. फडकं हातांहून काळं होतं.

"आईची कधी थांबली होती? माझ्या वेळी?"

"तुझ्या आईला विचार."

घरातल्या असल्या प्रश्नांना जन्मभर त्याचं हेच उत्तर असायचं. जीभ सवयीने बोलून गेली. मग दोघांनाही एकमेकांकडे बघवेना.

त्याने स्टूल पुढे ओढलं, त्यावर जुना पेपर अंथरला, तिला बसवलं. स्वतः शेजारच्या टायरवर बसला.

"थांबली होती," तो म्हणाला. "चौथ्यातच. अशीच एकाएकी. तीही तुझ्यासारखीच घाबरली होती. आणि मग अशी भूक लागायला लागली तिला, की विचारू नकोस. माझ्या ताटातलं उचलून खायची."

लेक त्याच्याकडे बघत राहिली.

"बाबा, तेव्हा तुम्ही बोटीवर होता. इंजिनरूममध्ये. परत आलात तेव्हा मी रांगत होते. आईनेच सांगितलंय मला."

मिस्त्रीने मान खाली घातली. पान्यावरचा झिजलेला आकडा तो नव्याने वाचत असल्यासारखा बघत बसला. आता ही उठून जाणार, असं त्याला वाटलं.

ती उठली नाही. तिने स्टूल त्याच्याजवळ सरकवलं आणि दोन्ही हात पोटावर ठेवले.

"बरं," ती म्हणाली. "मग पाचव्यात काय झालं?"