मधलं पाणी
थोरलीला मुलगी झाली त्या वर्षीची गोष्ट. नातीला बघायला निघायची रंगाऱ्याला भारी घाई. कापड ब्लीचिंग पावडरच्या टाकीतून काढायचं, साध्या पाण्यात खळबळायचं आणि मगच उरलेला खार मारायला ॲसिडच्या पाण्यात बुडवायचं, हा त्यांचा रोजचा नेम. त्यानं ॲसिडचा कॅन थेट टाकीवरच धरला. “अहो, मधलं पाणी राहिलं,” दोरीवर कापडं घालणारी बायको म्हणाली. “खार ॲसिडनंच मरतो, तुझ्याच बापानं शिकवलंय. पाणी कशाला मध्ये लुडबुडायला?” “बापाचं अर्धंच ऐकलंत.” तो हसत ओतत राहिला. पिवळट हिरवा धूर उठला आणि तो गळा धरून कोसळला. खार मेला, पण ब्लीचिंगमध्ये बांधलेला विषारी वायू सुटला, हे डॉक्टरांनी नंतर सांगितलं. तो कोसळला तेव्हा तिनं हातातलं कापड दोरीवर नीट पसरलं, चिमटा लावला, मग त्याच्याकडे धावली. रंगारी त्याच दुपारी वारला.