पायाचा गिअर

वाळूत चालणाऱ्या चारचाकी एटीव्हींपैकी एकीचा गिअर पायाने टाकायचा, दुसरीचा हँडलवरचं बटण अंगठ्याने दाबून. चौपाटीवरच्या जीवरक्षक नंदूने दोन्ही गाड्या ओल्या वाळूतून फिरवून आणल्या आणि उतरताना डावा गुडघा दोन्ही हातांनी धरला. बावीस वर्षं वाळूत धावून गुडघ्याची पार वाट लागली होती.

"काका, बटणवालीच घ्या," मुलुंडच्या शोरूममधून गाड्या दाखवायला आलेली दीप्ती म्हणाली. "नुसता अंगठा हलवायचा. पायाला आराम."

"पायवालीच लिही, बाय."

"अहो, आत्ताच तर कळवळलात! मग हट्ट कशाला?"

"बटण डाव्या हाताशी आहे ना. तो हात मला मोकळा लागतो."

"वॉकीटॉकीसाठी?"

नंदू वाळूतच बसला. बोलायचाही त्याला कंटाळा आला होता. "बुडालेल्याला बाहेर काढला की मागच्या कॅरिअरवर आडवा बांधतो. त्याचा हात पुढे ओढून मनगट धरतो आणि रस्त्यावरच्या अँब्युलन्सपर्यंत गाडी पळवतो. नाडी लागतेय का, ते कळतं."

दीप्तीने फॉर्मवर पायाच्या गिअरपुढे खूण केली. मग तिला राहवलं नाही. "आणि नाडी थांबली तर सोडता हात?"

"नाही गं. घरची माणसं गाडीमागून धावत येत असतात. मी हात सोडला, तर त्यांना तिथेच कळेल ना."