खांद्यापुरती उंची

तपासणीला आणलेला भाला वृंदाने उचलला, पण हात खांद्याच्या वर जाईना. दुखत नव्हतं; ऑपरेशन करून खांद्यात तुटलेल्या कंडरेच्या जागी बसवलेला, शिकवू तेवढीच हालचाल करू देणारा शहाणा धागाच तिला अडवत होता.

“त्याला घरकामापुरतंच शिकवलंय,” खुर्चीत बसलेले डॉक्टर नाफडे म्हणाले. “पोळ्या लाटा, केर काढा, काही अडणार नाही.”

“मी भालाफेक खेळते, हे तुम्हाला ठाऊक होतं.”

“होतं. पण तुमचे मिस्टरच म्हणाले, आता खेळणं पुरे.”

दाराशी उभा असलेला तिचा नवरा छताकडे बघू लागला.

बसलेल्या डॉक्टरांचा गाल वृंदाच्या खांद्याच्या बराच खाली होता. तिथवर हात सहज गेला आणि आवाजही चांगला आला.

मग ती उंचापुऱ्या नवऱ्याकडे वळून म्हणाली, “तुम्हीही बसा जरा.”