चौथ्या खाटेचा कागद

पहिला कागद

स्वच्छ होता. इतका स्वच्छ, की डॉक्टर इनासने तो उजेडाकडे धरून पुन्हा वाचला. ईसीजीच्या बाराही लीडमधली रेषा आखून दिल्यासारखी चालली होती. फक्त तिसऱ्या लीडमध्ये प्रत्येक ठोक्याच्या शेंड्याला एक बारीकशी खाच. असते एखाद्याला जन्मापासून. प्रत्येक काळजाचं आपलं हस्ताक्षर असतं, हे याचं.

"दुखतंय कुठे, उस्ता?"

चौथ्या खाटेवरचा उस्ता शहाता सत्तरी ओलांडलेला, दमिएत्ताच्या बाजारासाठी खुर्च्यांवर नक्षी कोरण्यात हयात गेलेला कारागीर, म्हणून सगळ्यांचा 'उस्ता'. उत्तर देण्याआधी त्याने बायकोकडे बघितलं.

"जबड्यात. दाढ ठणकते तसं. मग पाठीत, दोन्ही खांद्यांच्या मधोमध. जिना चढला की ओलं पीठ गिळल्यासारखं जड होतं इथे, पोटाच्या वर. मानेमागे गार घाम."

"कधीपासून?"

"परवापासून. रात्री तर उठून खिडकीशी बसावं लागतं."

"हा?" खुर्चीवरून त्याची बायको नबविया म्हणाली. हातातल्या पुठ्ठ्याने ती वारा घेत होती. "हा रात्रभर घोरतो, पोरी. करवत चालल्यासारखा. खिडकीशी मी बसते, याची करवत ऐकत."

मशीनच्या वायरी गुंडाळणारी परिचारिका सफा खुदकन हसली. इनासलाही हसू आलं. कुणा ना कुणा नवऱ्याच्या घोरण्याची तक्रार इथे रोजच होते.

"शुक्रवारचं बदक चुलीवर टाकून आलेय मी, कांदा भरून. शेजारणीला बसवलंय, पण तिला मिठाचा अंदाज नाही. याला एक गोळी द्या आणि सोडा. माझी आई असल्या जागी पाऊल न ठेवता नव्वदीला पोचली. मीही ठेवलं नव्हतं. आज याच्या नाटकापायी ठेवावं लागलं."

"नाटक नाही गं, उम्म वहीद," मुलाच्या नावाने तिला हाक मारत तो हळू म्हणाला. "एकट्याने यायचा धीर होईना."

"धीर कधी होता तुला? हवाच नाही मेली इथे."

सफाने तिला पुदिन्याची गोळी दिली. इनासने रक्त तपासायला पाठवलं आणि थोड्या वेळाने आणखी एक ईसीजी काढायला सांगितला. तो आला, आणि तो

दुसरा कागद

पहिल्याची प्रत होता. खाचेसकट.

तिने वरच्या मजल्यावर हृदयविभागात डॉक्टर लुत्फींना फोन लावला.

"कागदात काय आहे?"

"काही नाही, सर."

"मग मला कशाला बोलावतेस? म्हाताऱ्याला गॅस झालाय. माझ्याकडे एक खाट उरलीय, ती गॅसला देऊ?"

"त्याचं सांगणं ऐका एकदा. शब्द न् शब्द झटक्याचा आहे. इतकं बारीक खोटं कुणी सांगत नाही."

"म्हणजे कागद खोटे आणि म्हातारा खरा?"

"सुरुवातीला कागद गप्प राहू शकतो. तुम्हीच शिकवलंत. मी त्याला घरी पाठवला आणि तो जिन्यात कोसळला तर?"

पलीकडे चमचा कपात फिरला.

"आणखी एक काढ. तोही असाच निघाला तर बदकाकडे पाठव त्याला."

"बदकाचं तुम्हाला कसं कळलं?"

"बाईचा आवाज वर येतोय."

इनास परत आली तेव्हा उस्ताने शर्ट पुढून आवळून धरला होता.

"आता नको. त्या वायरींतून अंगात करंट उतरतो. दोनदा सोसला."

"ऐकलंत?" नबविया म्हणाली. तिने पुठ्ठा मांडीवर ठेवला, जबडा चोळला. "उभा जन्म पात्यांशी खेळला आणि गोंदाच्या चकत्यांना भितो. सशाचं काळीज."

"बोलायला काय जातं?" उस्ता म्हणाला.

"बोलायला?"

दारातून स्ट्रेचर आलं. दुचाकीवरून पडलेला माणूस, पायातून रक्त. इनास त्याच्याकडे धावली. "सफा, समजूत घाल आणि काढून घे," एवढं ती वळता वळता म्हणाली. मागे पडदा ओढल्याचा आवाज झाला. ती जखम दाबून धरत होती, हातमोजे बदलत होती, आणि मग पडद्याच्या फटीतून सफाचा नुसता हात बाहेर आला. हातात

तिसरा कागद

"चौथ्या खाटेचा. लवकर बघा, डॉक्टर."

खालच्या तीन लीडमध्ये ठोक्यानंतर रेषा खाली उतरायला तयारच नव्हती. कबरीवरच्या घुमटासारखी फुगून वरच थांबली होती. वरच्या लीडमध्ये तिचीच उलटी सावली. नाडी मंदावलेली.

इनासच्या कानात तिचेच ठोके वाजू लागले. बरोबर होतं तिचं. म्हातारा खरा होता.

खाच कुठेच दिसत नव्हती. सगळं हस्ताक्षरच पालटलं होतं. झटका आला की काय काय पुसलं जातं, ती मनाशी म्हणाली आणि फोन उचलला.

"सर, कागद बोलला. झटकाच आहे, हृदयाची खालची भिंत."

पलीकडे कप खाली ठेवल्याचा आवाज आला.

"खाट ठेवली. रक्तवाहिनी उघडायची तयारी करतो. अॅस्पिरिन दे, खाली येतोय."

मुठीत गोळ्या घेऊन ती निघाली. त्या बाईला आता कसं सांगायचं, एवढाच विचार डोक्यात. नाटक म्हणत होती बिचारी.

पडद्याच्या बाहेर उस्ता शहाता उभा होता. शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. काखेत बायकोची पर्स, हातात तिच्या चपला.

"दाखवलं ना झोपून?" पडद्याआडून नबवियाचा धाप लागलेला आवाज आला. "करंटबिरंट काही नाही. ये, झोप आता तू."

उस्ता जागचा हलला नाही. तो इनासच्या हातातल्या कागदाकडे बघत होता.

"जबडा, पाठ, घाम," तो पुटपुटला. "नीट सांगितलं ना मी तिचं सगळं?"