छापील ॲव्हरेज

ॲव्हरेजचा आकडा छापणाऱ्यांनो, तुम्ही खोटारडे आहात. सपाट रस्त्यावर एकटा ड्रायव्हर बसवून गाडी पळवता आणि घाट आमच्या गळ्यात मारता.

नेसरीच्या शशिधरच्या आईला, अक्काताईंना, दमा. त्यांना कोल्हापूरच्या दवाखान्यात न्यायला त्यानं २००१ साली छोटी डिझेल गाडी घेतली. छापलेलं ॲव्हरेज काही केल्या येईना, म्हणून शोरूममध्ये जाऊन त्यानं शिव्या घातल्या. तिथल्या साहेबानं पंपातून इंजिनात जाणारं डिझेलच कमी करून दिलं. ॲव्हरेज आलं, गाडीतला दम गेला.

पुढच्या खेपेला दवाखान्यातून परतताना तवंदीच्या घाटात, घरची पाच माणसं घेऊन चढणाऱ्या गाडीनं मान टाकली. ड्रायव्हर सोडून सगळी खाली उतरली. रिकामी गाडी वर चढली आणि तिच्या मागनं अक्काताई, पदर तोंडाला लावून, दर वळणावर खाली बसत.

दुसऱ्या दिवशी शशिधर पुन्हा शोरूममध्ये उभा.

"आता आनि काय पावणं? ॲव्हरेज छापल्यापरमानं मिळालं न्हवं?" साहेब हसला.

"मिळालं की."

 

शशिधर पुढं म्हणाला, "फकस्त येवढं सांगा. घाट माझी आई चालली, ते अंतर कुणाच्या ॲव्हरेजात धरलंय?"